शंभरावे माप

एखादा पदार्थ एकदा अचूक मोजणे आणि तोच पदार्थ शंभर वेळा सारखाच मोजणे, ही दोन कर्मे वरवर एकाच जातीची वाटत असली तरी त्यांच्यामागचे कौशल्य सर्वस्वी निराळे आहे. पहिल्याला क्षणभराची एकाग्रता पुरते; दुसऱ्यासाठी थकवा, कंटाळा आणि घाई या मनुष्यस्वभावाच्या तीन नित्य दोषांवर तासन्‌तास अंमल चालवावा लागतो. खळ्यावर धान्य मापणाऱ्याची शीग सकाळी जितकी उंच असते तितकीच ती तिसऱ्या प्रहरीही राहील, अशी हमी कोणी देत नाही आणि ओंजळभर दाण्यांचा फरक तेथे कोणी मनावरही घेत नाही. परंतु रसायनशाळेत, जेथे एका मापाचे परिमाण पाण्याच्या थेंबाच्या विसाव्या हिश्श्याइतके अल्प असू शकते, तेथे असा फरक म्हणजे निष्कर्षच बदलून टाकणारी बाब होय. द्रव मोजून देणाऱ्या साधनांचे गेल्या सव्वादोनशे वर्षांचे दप्तर चाळले, तर त्यांच्या प्रगतीला पहिल्या मापाच्या अचूकतेने जितकी चालना दिली, त्याहून अधिक ती शंभराव्या मापाच्या काळजीने दिली, असे आढळून येते.

या साधनांचा जन्म ज्ञानपिपासेपेक्षा कारखान्याच्या गरजेतून झाला, ही गोष्ट आरंभीच नमूद केली पाहिजे. 1785 च्या सुमारास बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरिनच्या साह्याने कापड शुभ्र करण्याची रीत दाखवून दिली आणि उन्हात महिनोन्‌महिने ठाणे पसरून ठेवण्याच्या जुन्या शिरस्त्याला पर्याय मिळाला. पण द्रावण तीव्र झाले तर कापड जळे आणि सौम्य राहिले तर मळकट राही. तेव्हा प्रत्येक घाण्याची शक्ती आजमावणे ओघानेच आले. रूआं या कापडाच्या पेठेत देक्रवाझिय नावाच्या रसायनज्ञाने त्यासाठी रेघांच्या खुणा केलेली काचनळी वापरात आणली, आणि निळीच्या द्रावणाचा रंग नाहीसा होण्यास किती माप लागले यावरून तो ती शक्ती ठरवू लागला. 1824 साली गे-ल्युसॅकने क्लोरिनच्या परीक्षेवरील आपल्या निबंधात पिपेट आणि ब्यूरेट ही नावे रूढ केली, आणि पुढे कोब्लेंत्झ येथील औषधविक्रेता कार्ल फ्रिडरिश मोर याने ब्यूरेटच्या तळाशी रबरी नळीचा तुकडा व त्यावर चिमटा बसवून थेंब थेंब सोडण्याची सोय केली. असे माप घालून द्रावणाची शक्ती ठरवण्याच्या या रीतीवरील, म्हणजे अनुमापनावरील, त्याचा ग्रंथ 1855 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हे शास्त्र शिकलेल्या शिष्यांच्या हातून कारखान्यांच्या नोकरवर्गाच्या हाती गेले, आणि तेथेच पुनरावृत्तीचा प्रश्न प्रथम उग्र झाला.

त्या प्रश्नाचे एक फार सोपे आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेले उत्तर आपल्याकडील सहकारी दूधसंस्थांत अनेक वर्षे नांदत होते. झुरिकच्या निकलाउस गेर्बरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दुधातील स्निग्धांश मोजण्याची जी पद्धत बसवली, तीत दर नमुन्यामागे 10 मिलिलिटर गंधकाम्ल, 10.75 मिलिलिटर दूध आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल लागते. दूध पिपेटने ओढता येते. परंतु तीव्र गंधकाम्ल तोंडाने ओढण्याचा विचारही अंगावर काटा आणणारा आहे. म्हणून बाटलीच्या मानेवर असा एक काचेचा फुगा बसवण्यात आला, की बाटली तिरपी केली की तो बरोबर ठरलेल्या मापाने भरावा, अधिक झालेले आपोआप मागे परतावे आणि ठरलेले तेवढेच बाहेर पडावे. त्यात दट्ट्या नाही, स्प्रिंग नाही, डोळ्याने रेघ पाहण्याची गरज नाही. दोनशे सभासदांच्या दुधाचे नमुने ओळीने तपासायचे असले तरी दोनशेव्या नमुन्यात पहिल्याइतकेच आम्ल पडे, आणि ज्याच्या दुधाला ‘किती फॅट लागली’ यावर घरचा हिशेब अवलंबून असे, त्या शेतकऱ्याच्या दराचा एक पाया त्या तिरप्या फुग्यावर उभा असे. विजेवर चालणाऱ्या परीक्षणयंत्रांनी ही बाटली आता बहुतेक ठिकाणी मागे सारली असली, तरी सारखेपणाची जबाबदारी माणसाच्या हातातून काढून उपकरणाच्या घडणीत ठेवण्याचे तत्त्व तिने फार आधी सिद्ध केले होते.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत मात्र हे तत्त्व पोहोचण्यास विलंब लागला, आणि त्या विलंबाची किंमत माणसांनी आपल्या प्रकृतीने मोजली. काचेची नळी ओठांत धरून श्वासाने द्रव ओढणे आणि जिभेच्या किंवा बोटाच्या टोकाने तो रोखून धरणे, हीच तेथील सार्वत्रिक चाल होती. विषमज्वराच्या जंतूंचे द्रावण चुकून तोंडात गेल्याने एका डॉक्टरला रोग जडल्याचा दाखला 1893 इतका जुना आहे. तरीही सोयीपुढे भीतीने हार खाल्ली, आणि विसाव्या शतकाची सात-आठ दशके उलटेपर्यंत ही चाल अनेक देशांत पूर्णपणे मोडली नाही. अत्यल्प मापांसाठी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून 1936 च्या सुमारास ज्या आवळलेल्या मानेच्या सूक्ष्म काचनळ्या प्रसार पावल्या, त्या अचूक होत्या यात संशय नाही. पण त्यांनाही श्वासाचीच जोड लागे, प्रत्येक वेळी धुण्या-वाळवण्याचे सोपस्कार करावे लागत, आणि दिवसाकाठी शेकडो मापे घेणाऱ्याची त्रेधा उडे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दोन निरनिराळ्या देशांत या कोंडीवर तोड निघाली. हंगेरीत ग्युला ताकाची या संशोधकापुढे इन्फ्लुएंझाच्या साथीतील असंख्य रक्तनमुने होते आणि काचसामानाची टंचाई होती. तेव्हा 1951 च्या सुमारास त्याने पारदर्शक प्लास्टिकच्या पाटीत ओळीने लहान लहान खळगे कोरले, आणि ठराविक आकाराच्या, टोकाशी पीळ दिलेल्या तारा द्रावणात बुडवून त्या पिळात अडकलेले नेमके माप एका खळग्यातून दुसऱ्यात नेण्याची युक्ती योजली. तारेच्या पिळात द्रवाचा पृष्ठताण जेवढे धरून ठेवील तेवढेच येणार, कमी नाही की अधिक नाही. आणि एका वेळी अनेक तारा फिरवता येत असल्याने एकेक नमुना सुटा हाताळण्याचे श्रम वाचले. आठ ओळी आणि बारा रकाने मिळून शहाण्णव खळग्यांची जी पाटी आज जगभर प्रमाण मानली जाते, तिचे पूर्वरूप ते हेच.

दुसरा प्रसंग पश्चिम जर्मनीतील मारबुर्गचा. तेथील विद्यापीठात थिओडोर ब्यूशर यांच्या संस्थेत 1957 साली रुजू झालेला हाइनरिश श्निट्गर हा वैद्यकाचे शिक्षण घेतलेला तरुण हुन्नरी हाताचा होता, आणि तोंडाने सूक्ष्म मापे ओढीत बसण्याचे काम अंगावर येताच तो त्याला विटला. काही दिवस तो संस्थेत दिसेनासा झाला आणि परतला तो एक नवे साधन घेऊनच. क्षयपरीक्षेच्या बारीक पिचकारीला त्याने स्प्रिंग बसवली होती, दट्ट्याची धाव एका ठराविक जागी अडेल अशी तजवीज केली होती, आणि सुईच्या जागी काढता-घालता येईल असे प्लास्टिकचे टोक लावले होते. द्रव त्या टोकातच राहावा, दट्ट्याला त्याचा स्पर्श होऊ नये, दोहोंमध्ये हवेची उशी असावी, हे या रचनेचे मर्म होते. टोक बदलले की साधन पुन्हा स्वच्छ, धुण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढे त्याने दुसरी स्प्रिंग जोडून अंगठा थोडा अधिक दाबताच टोकातील अखेरचा अंशही बाहेर पडावा अशी सुधारणा केली. ब्यूशर यांना या खेळण्यासारख्या वस्तूचे मोल तत्काळ उमगले व त्यांनी श्निट्गरला संस्थेच्या कर्मशाळेत तीवर काम करण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एकस्वासाठी अर्ज दाखल झाला, आणि हांबुर्गच्या एपेनडॉर्फ भागात 1945 साली उभ्या राहिलेल्या नेटेलर व हिन्झ यांच्या कारखान्याने 1961 पासून या पिपेटचे उत्पादन हाती घेतले. 1964 मध्ये पोहताना बुडून श्निट्गरचा अंत झाला. त्या वेळी त्याने वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

त्यानंतरचा विस्तार वेगाने झाला. फिनलंडमध्ये ऑस्मो सुओवानिएमी यांच्या उद्योगातून फिनपिपेट आली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे वॉरन गिल्सन व हेन्री लार्डी यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मळसूत्र फिरवून माप बदलता येईल अशी पिपेट सिद्ध केली, आणि प्रत्येक मापासाठी स्वतंत्र साधन बाळगण्याची गरज संपली. तथापि या सर्व पिपेटांत एक मर्यादा समान होती: एक माप घ्यायचे, ते सोडायचे आणि पुन्हा बाटलीकडे यायचे. शहाण्णव खळग्यांसाठी शहाण्णव वेळा ओढणे आणि शहाण्णव वेळा सोडणे आलेच. आणि दर वेळी ओढण्यात जी किंचित तफावत पडते तिला शहाण्णव संधी मिळतात.

एकदाच भरावे आणि हप्त्याहप्त्याने द्यावे, ही कल्पना या मर्यादेवरचा इलाज होय. तिचे साधे रूप हॅमिल्टन कंपनीच्या काचेच्या सूक्ष्म पिचकारीवर बसवलेल्या दात्यांच्या दांड्यात दिसते: कळ एकदा दाबली की दट्ट्या एक दाता पुढे सरकतो आणि पिचकारीतील द्रवाचा बरोबर पन्नासावा भाग बाहेर पडतो, पिचकारी 50 मायक्रोलिटरची असेल तर दर दाबामागे 1 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. हेच तत्त्व पुढे मल्टिपेट नावाच्या हातात मावणाऱ्या साधनात अधिक सोयीचे झाले. त्याच्या टोकाला जी प्लास्टिकची नळी बसते, तिच्यातच दट्ट्या असतो आणि तो द्रवाला थेट भिडतो. मध्ये हवा नसल्यामुळे ग्लिसरीनसारखे दाट किंवा अल्कोहोलसारखे उडून जाणारे द्रवही हवेच्या उशीवरील पिपेटला जसे चकवतात तसे याला चकवू शकत नाहीत. 5 मिलिलिटरची नळी लावून माप ठरवणारी चकती एकवर ठेवली तर दर दाबाला 100 मायक्रोलिटर, दोनवर ठेवली तर 200, आणि पाचवर 500. आरंभीचा एक हप्ता मात्र बाटलीतच परत सोडावयाचा असतो, कारण दाते आणि दांडा एकमेकांत घट्ट बसेपर्यंत त्यांच्यात जी ढिलाई असते ती त्या हप्त्यात उतरते. तळाशी उरलेला अंशही त्याच न्यायाने वापरात घेत नाहीत.

या साधनाची खरी कसोटी रक्तपरीक्षेच्या मेजावर लागली. 1971 मध्ये स्टॉकहोम येथे एव्हा एंग्वाल व पेटर पर्लमान यांनी एलायझा ही पद्धत मांडली. तीत खळग्याच्या तळाशी चिकटलेल्या प्रतिपिंडांवर विकर जोडून रंग उमटवावयाचा असतो आणि ठरलेल्या वेळी आम्ल घालून ती क्रिया थांबवावयाची असते. येथे मापाइतकेच वेळेलाही महत्त्व येते, कारण पहिल्या खळग्यात रंगद्रव्य पडल्यापासून शेवटच्या खळग्यात पडेपर्यंत पाच मिनिटे गेली, तर त्या दोन नमुन्यांची तुलनाच अन्यायाची ठरते. एका भरण्यात ओळीमागून ओळ एकाच लयीत टिपता आली आणि त्याच क्रमाने, त्याच लयीत क्रिया थांबवता आली, तर प्रत्येक खळग्याच्या वाट्याला सारखाच अवधी येतो. 2020 च्या मे महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने कोविडच्या प्रतिपिंडांसाठी ‘कवच’ नावाची जी एलायझा चाचणी सिद्ध केली, तीत अडीच तासांत एकदम 90 नमुने तपासण्याची सोय होती. ताकाचीच्या पाटीचा आणि या पुनरावर्ती मापनाचा वारसा त्या आकड्यात एकत्र आलेला आहे.

परंतु श्रम हलके झाले म्हणजे नाहीसे झाले, असे नव्हे. ओठांवरचे संकट टळले ते अंगठ्यावर आले. स्वीडनमधील प्रयोगशाळा-कर्मचाऱ्यांच्या 1994 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षाकाठी 300 तासांहून अधिक काळ पिपेट दाबणाऱ्यांत हात व खांदे दुखण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. हलक्या स्प्रिंगा, बोटाने ओढावयाच्या कळा आणि विजेच्या मोटारीवर चालणारे दट्टे हे त्यानंतरचे उपाय. टाकाऊ प्लास्टिकच्या टोकांचे ढीग हा आणखी एक नवा बोजा. त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

याहून सूक्ष्म असा एक बदल या उपकरणांनी घडवून आणला, आणि माझ्या मते तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. हाताने मोजण्याच्या काळी चूक ही विखुरलेली असे. एका नळीत थोडे अधिक, दुसरीत थोडे उणे, आणि आकड्यांतील ती विसंगतीच परीक्षकाला जागे करी. दात्यांच्या दांड्याने ही विखुरलेली चूक जवळजवळ मोडीत काढली. पण दट्ट्याची कडी झिजली असेल किंवा चकती चुकीच्या अंकावर राहिली असेल, तर तोच दांडा एकच चूक शहाण्णव वेळा तंतोतंत सारखी करतो. आकडे एकमेकांशी उत्तम जुळतात आणि म्हणूनच कोणाला संशय येत नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व 2022 मध्ये सुधारलेल्या आयएसओ 8655 या मानकात दट्ट्यावर चालणाऱ्या साधनांच्या दोन दोषांचा स्वतंत्र हिशेब मागितला आहे, तो याच कारणाने: एक, मापांची सरासरी ठरलेल्या परिमाणापासून किती ढळली, आणि दुसरा, मापे आपसांत किती विखुरली. त्यासाठी पाणी सूक्ष्म तराजूवर पुनःपुन्हा सोडून त्याचे वजन घ्यावयाचे आणि तापमान व हवेचा दाब लक्षात घेऊन त्यावरून घनफळ काढावयाचे असते. दुसरा दोष उपकरणाची घडण आवरते; पहिला केवळ बाहेरचा साक्षीदारच उघडकीस आणू शकतो. तेव्हा सातत्याची जबाबदारी यंत्राकडे सोपवल्यानंतर माणसाच्या वाट्याला जे काम उरते ते थोडके नाही: ज्या मापावर रुग्णाचा निर्णय टेकलेला आहे त्या मापाची ठरल्या मुदतीत वजनाशी गाठ घालणे, नोंदवहीत ती तारखेनिशी लिहिणे, आणि सगळे आकडे सुरेख जुळत असतील त्या दिवशीही ही तपासणी न टाळणे.