घरचा कुत्रा आणि परदेशगमन

१८८३ मध्ये पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या, तेव्हा ती गोष्ट जगावेगळी होती. आज कोथरूड, औंध, बाणेर येथील कुटुंबेच्या कुटुंबे नोकरीनिमित्त अमेरिकेत नाहीतर जर्मनीत जाऊन राहतात. पासपोर्ट, व्हिसा, मुलांच्या शाळेचे दाखले, सारे यथासांग जमते. सामानाची बांधाबांध होते आणि मग घरातले धाकटे कुणी विचारते, "आणि मोतीचे काय?" हा प्रश्न शेवटी विचारला जातो, तो सर्वांत आधी विचारायला हवा होता, एवढेच मला सांगायचे आहे.

महाभारतात कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला युधिष्ठिराने नकार दिला. इंद्राची हरकत कुत्र्याला होती. आजच्या द्वारपालांची हरकत कुत्र्याला नाही, त्याच्याबरोबर येऊ शकणाऱ्या रोगाला आहे. तो रोग म्हणजे रेबीज, आपण ज्याला पिसाळणे म्हणतो तो. लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि जगात या रोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश एकट्या भारतात होतात, असा अंदाज आहे. त्यामुळे आपला मोती कितीही घरंदाज असला, तरी त्याची गणना जोखमीच्या देशातून आलेल्यांतच होते. यात अपमान मानण्याचे कारण नाही. ब्रिटनने १९२२ पर्यंत आपल्या कुत्र्यांतून हा रोग निपटून काढला आणि तो परत येऊ नये म्हणून बाहेरच्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवण्याचा नियम चालवला. तो कडकपणा २००० साली सैल होऊ लागला. त्याच्या जागी लस आणि रक्ततपासणी आली.

ही तपासणी नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. युरोपातल्या देशांसाठी प्रथम कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर, फार तर त्याच दिवशी, रेबीजची लस. आधी लस आणि मग चिप असा उलटा क्रम झाला, तर ती लस कागदोपत्री व्यर्थ. कारण ती याच कुत्र्याला टोचली, हे सिद्ध होत नाही. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. आणि ते भरले तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते.

निकाल चांगला, मग थांबायचे कशाला? लोक चिडून विचारतात. उत्तर असे, की लस टोचण्यापूर्वीच कुत्र्याला पिसाळलेल्या जनावराने चावा घेतला असेल, तर रोग अंगात मुरत असू शकतो. रक्तात प्रतिपिंडे दिसतील, पण रोग टळला याची खात्री मिळणार नाही. ती काळच देतो. असा महिना आणि तीन महिने मिळून चार महिने झाले. नोकरीवर रुजू होण्याची मुदत मात्र बहुधा सहा आठवड्यांची! मांजराचे गणितही युरोपापुरते हेच आहे.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठी नियम कडक केले. वय निदान सहा महिने हवे, चिप हवी. भारतात लस घेतलेला कुत्रा ठरावीक विमानतळांवरच उतरतो, आणि रक्ततपासणीचा दाखला नसेल तर २८ दिवस विलगीकरणात राहतो, खर्च मालकाचा. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट आलेला कुत्रा घेतच नाही. मध्ये दुसऱ्या मान्य देशात मुक्काम करावा लागतो. पिंजऱ्यातला आपला देशी पोपट कुठेच नेता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो घरात पाळणेच गुन्हा आहे, हे पुष्कळांना हा विषय निघाल्यावर कळते.

निघताना पशुवैद्याचा दाखला आणि त्यावर केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे प्रमाणपत्र लागते. पुणेकरांना त्यासाठी मुंबईचे केंद्र जवळचे. प्रवासाची पेटी अशी हवी, की कुत्र्याला तीत उभे राहता, वळता आणि पसरता यावे. ती दोन-तीन महिने आधी आणून दिवाणखान्यात उघडी ठेवावी, तीत त्याचे अंथरूण घालावे, जेवण तिथेच द्यावे. गुंगीचे औषध देण्याचा मोह टाळावा. उंचावर त्याने श्वासाला आणि रक्तदाबाला धोका होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत.

बारा-तेरा वर्षांच्या थकलेल्या कुत्र्याचे काय करावे, हे मला कुणी विचारले तर मी नेण्याचा आग्रह धरणार नाही. त्याला आजी-आजोबांजवळ, ओळखीच्या अंगणात राहू द्यावे. मात्र आजोबांना त्याचे ओढणे झेपेल का, हे आधी त्यांनाच विचारावे, गृहीत धरू नये. तरुण कुत्रा न्यायचा असेल, तर परदेशातल्या नोकरीचा पहिला अर्ज टाकाल त्याच आठवड्यात चिप आणि लस उरकून घ्या. नोकरी मिळाली नाही, तरी लस वाया जात नाही.