भाषणाला चाल लावणारी माणसे

नावड्याच्या एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती आणि मधून दिवा–पनवेल रेल्वे. मूळ गावे आगऱ्यांची. कारखान्यांपाठोपाठ मराठवाडा, विदर्भ, खानदेश, दक्षिण कोकण इथून माणसे आली आणि इथलीच झाली. एप्रिलमध्ये या पट्ट्यात फुले आणि आंबेडकर जयंतीची गाणी घुमतात. या गाण्यांच्या पाठीशी भाषणे उभी आहेत, आणि ती भाषणे लोकांपर्यंत पोचवणाऱ्या माणसांची दीडशे वर्षांहून मोठी परंपरा आहे.

तिची सुरुवात फुल्यांच्या शाळेपासून धरायला हवी. तिथे शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. आज तो अनेक ठिकाणी मुली उभ्या राहून मोठ्याने म्हणतात. पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना लग्न लावले. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू साऱ्या वऱ्हाडासमोर स्त्रियांवरच्या अन्यायाचा जाब विचारते, हक्क मागते, आणि वर तिला शब्द देतो. समतेचे भाषण लग्नमंडपात आले ते असे. आगरी घरांना यात परके वाटण्यासारखे काही नाही. इथे धवलारीण धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडत आली आहे. बाईच्या गळ्याचा मान या मातीला नवा नाही.

मग महाड. नावडे आणि महाड दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. डिसेंबरमध्ये त्याच महाडात दुसरी परिषद भरली. तिथल्या भाषणात त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेचा दाखला दिला आणि ही परिषद केवळ पाण्यासाठी नसून समतेची मुहूर्तमेढ रोवण्यासाठी आहे, असे बजावले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालेले ‘बहिष्कृत भारत’ चळवळीचा शब्द छापत होते. पण ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते.

ही उणीव जलशाने, म्हणजे गाणी आणि संवादांतून विचार मांडणाऱ्या लोकनाट्याने, भरून काढली. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जलसा मंडळ उभे केले. ढोलकी, डफ, तुणतुणे ही तमाशाचीच वाद्ये ठेवली, मांडणी मात्र पालटली. गणातली देवस्तुती मागे पडून तिथे चळवळीचे आणि बाबासाहेबांचे गुणगान आले. गौळणीतली छेडछाड गेली. वगाच्या जागी शिक्षण, सावकारी, दारू, अंधश्रद्धा, गावकीची वेठ यांवरचे संवाद आले. सभेत ऐकलेला मुद्दा अशा रीतीने सवाल-जवाबात उतरायचा, हसवायचा, झोंबायचा आणि घरी जाताना तोंडात बसायचा. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण चळवळीत आजही सांगतात.

तमाशाला जवळचा असूनही जलसा तमाशापासून जाणीवपूर्वक वेगळा राहिला. तमाशातले नामवंत पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. महार बायकांना फडावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. समतेची गोष्ट सांगणाऱ्या कलेने ती सांगण्याच्या रीतीतही समता पाळावी, ही कसोटी त्यांनी तिथे घालून दिली. ती आजच्या प्रत्येक मंचाला लावावी, इतकी पक्की आहे.

याच काळात अलिबाग तालुक्यातल्या चरीत कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. १९३३ ते १९३९ जमिनी पडीक ठेवून शेतकरी तग धरून राहिले. नेते होते आगरी समाजातले नारायण नागू पाटील. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधिमंडळात आणले. पाण्याचा हक्क आणि कसणाऱ्याचा हक्क या जिल्ह्यात एकाच नेत्याने उचलून धरले, हे आपण फार लवकर विसरलो.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून गिरणगावाला आवाज दिला. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी पहिले गीत लिहिले. अक्षरओळख तरुणपणी झालेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून बाबासाहेबांचा विचार घराघरांत पोचवला. १९८९ पासून सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ या एकपात्री प्रयोगातून सावित्रीबाईंना बोलते केले.

या गाण्याने किंमतही मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. नावड्याच्या शेजारच्या तळोजा कारागृहात, एल्गार परिषद प्रकरणी २०२० मध्ये अटक झालेले कबीर कला मंचाचे सागर गोरखे आणि रमेश गायचोर होते. आरोप त्यांना मान्य नाहीत.

या परिसराचा स्वतःचा लढाही विसरता येत नाही. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ च्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला.

भाषण आणि गाण्याचे हे नाते दूर अमेरिकेतही दिसले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहण्याआधी गायिका महालिया जॅक्सन गायल्या. भाषण रंगात असताना त्यांनीच हाक दिली, लोकांना ते स्वप्न सांगा. किंग यांनी हातातला मजकूर बाजूला सारला. गाणारी बाई तिथे भाषणाची दिशा ठरवत होती. आपल्या जलशातही भाषण आणि गाणे असेच एकमेकांना बळ देत होते.

आज गाणे उरले, भाषण मागे पडले. शिवाय मंच वाटले गेले. जानेवारीतले हुतात्मे एका समाजाचे, एप्रिलमधली जयंती दुसऱ्याची, अशी विभागणी होऊन बसली. चरीच्या संपाने ती मोडली होती. नावड्यातही ती मोडता येईल. त्यासाठी २५ नोव्हेंबर ही तारीख योग्य आहे. १९४९ मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. हे भाषण मराठीतून पूर्ण म्हणावे: एक भाग कारखान्यातल्या कामगाराने, एक प्रकल्पग्रस्ताच्या नातीने, एक शाळकरी पोराने. मध्ये शाहिराने डफावर थाप द्यावी, धवलारणीने गळा लावावा. ज्यांच्या आजोबांनी हे हक्क मागितले, त्यांची नातवंडे ते एकत्र उच्चारतील, तर बाबासाहेबांनी दाखवलेली ती विसंगती मिटवण्याचे काम पुढे न्यायला हात मिळतील.