निर्णयाची घटका

वाण्याच्या दुकानातून गूळ व मीठ घेऊन एक मुलगा घरी निघतो. वाटेत परत आलेले पैसे मोजतो, तो दहा रुपये अधिक! ते कोणाचे, याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. तरीही पाऊल अडते. दुकान दूर राहिले आहे, ऊन कडक आहे, आणि वाणी तरी मापात पाप करीत नसेल कशावरून, असा विचार मनात डोकावतो.

नीतीचे प्रश्न बहुधा असेच, न सांगता येतात. अशा वेळी योग्य काय ते मनुष्य जाणत असतो. तो शोधीत असतो ती सबब. वाण्याचे माप खोटे असले, तरी त्यामुळे ते दहा रुपये मुलाचे होत नाहीत.

परंतु सर्वच प्रसंग इतके सरळ नसतात. वर्गातील काच मित्राच्या हातून फुटली आहे आणि गुरुजी विचारीत आहेत. मैत्री राखावी, की खरे सांगावे? भलत्याच मुलाला शिक्षा होणार असेल, तर गप्प राहणे ही मैत्री उरत नाही. आधी मित्राला गाठून त्यालाच कबूल करावयास सांगणे, हाही एक मार्ग असतो; घाईत तो सुचत नाही, इतकेच.

महात्मा गांधींच्या बालपणातील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. राजकोटच्या हायस्कुलात त्यांच्या पहिल्याच वर्षी जाईल्स नावाचे तपासणीस आले व त्यांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले. मोहनदासाचा ‘केटल’ हा शब्द चुकला. शेजाऱ्याच्या पाटीवर पाहून तो सुधारावा, म्हणून शिक्षकांनी बुटाच्या टोकाने त्याला खुणावले. त्याने नक्कल केली नाही. प्रसंग सुंदर आहे खरा. पण शिक्षकच नक्कल करावयास सांगतील, हे त्या मुलाच्या ध्यानातच आले नव्हते. मोह नव्हता, म्हणून झगडाही नव्हता.

खरा झगडा पुढे, पंधराव्या वर्षी झाला. त्याच्या एका वडील भावाला सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते. भावाच्या हातात सोन्याचे भरीव कडे होते. त्यातील लहानसा तुकडा मोहनदासाने काढला आणि कर्ज फिटले. सावकाराचे पैसे मिळाले, भावाची चिंता मिटली, बाहेरच्या कोणाचे काही गेले नाही. हिशेब असा बिनचूक जुळला, तरी मोहनदासाला ते सहन होईना.

पुन्हा चोरी करावयाची नाही, असा निश्चय त्याने केला. तेवढ्यावर थांबता आले असते. वडील आजारी, अंथरुणाला खिळलेले. त्यांना दुःख का द्यावे? मार बसेल, ही भीती त्याला नव्हती. वडील दुःखाने स्वतःचे कपाळ बडवून घेतील, ही धास्ती मात्र होती. दुसऱ्याचे दुःख वाचविण्यासाठी मौन धरणे ही दया होय. परंतु त्याच मौनाच्या आड स्वतःचा दोषही लपत असेल, तर दया कोठे संपते व लपवणूक कोठे सुरू होते, हे ओळखणे मोठ्यांनाही कठीण जाते. मोहनदासाने सांगण्याचेच ठरविले.

तोंडाने बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली. अपराध कबूल केला, शिक्षा मागितली, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंती केली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. थरथरत्या हाताने चिठ्ठी देऊन तो वडिलांच्या फळीसमोर बसला.

वडील उठून बसले. चिठ्ठी वाचताना त्यांच्या आसवांनी कागद भिजला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले, चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. मोहनदासही रडला. पुढे सुमारे ४० वर्षांनी, १९२५ साली ‘नवजीवन’ साप्ताहिकात गांधीजी आत्मकथा लिहू लागले, तेव्हाही ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे होते.