चेन सटकते तेव्हा…

पावसाळा ओसरू लागला की पुण्या-मुंबईच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि घाटवाटांवर माउंटन बाइकवाल्यांची वर्दळ वाढते. चढ तीव्र झाला की सायकलस्वार सीटवरून उठतो, सारा भार एका पेडलवर टाकतो आणि नेमक्या त्याच क्षणी ‘खाट्’ असा आवाज होऊन पाय रिकामाच खाली जातो. चेन दातांवरून उडालेली असते. नशीब चांगले असेल, तर नुसता तोल जातो. नसेल, तर गुडघा हँडलवर आणि छाती स्टेमवर आदळते. वाट दरीच्या कडेने जात असेल, तर त्यापुढचे न सांगितलेलेच बरे. चेन सटकणे ही म्हणूनच केवळ वैतागाची नव्हे, तर सुरक्षिततेचीही बाब आहे.

तरीही या बिघाडावर होणारे उपाय बहुधा दोन टोकांचे असतात. एक तर केबल थोडी ताणून, चेनवर तेल सोडून वेळ मारून नेली जाते किंवा चेन, कॅसेट, चेनरिंग असे सारेच एका फटक्यात बदलून खिसा हलका केला जातो. नेमके कारण शोधण्याचे काम मात्र मागे राहते. वास्तविक ते फारसे अवघड नाही. त्यासाठी यंत्रणा समजून घेण्याची आणि एका क्रमाने तपासणी करण्याची तेवढी गरज आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन काउंटीतील पाइन माउंटनच्या उतारावर १९७६ मध्ये ‘रिपॅक’ या शर्यतींना सुरुवात झाली आणि तेथून माउंटन बाइकिंगला खेळाचे रूप येत गेले. पुढे कित्येक वर्षे या सायकलींना पुढच्या बाजूस तीन चकत्या असणे हाच रिवाज होता. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये ‘एक्सएक्स१’ हा संच आणला. त्यात पुढे एकच चेनरिंग आणि मागे १० ते ४२ दातांच्या ११ चकत्या होत्या. याच कंपनीने २०१६ मध्ये १० ते ५० दातांच्या १२ चकत्यांचा ‘ईगल’ संच बाजारात आणला, तर २०१८ मध्ये शिमानोने १० ते ५१ दातांची कॅसेट दिली. आज माउंटन बाइकवर एकेरी चेनरिंग हीच सर्वमान्य रचना ठरली आहे.

या बदलात पुढचा डिरेलर गेला. वजन आणि कटकट दोन्ही कमी झाली. मात्र त्या डिरेलरचा पिंजरा चेनला जागेवर धरून ठेवण्याचेही काम करीत असे. ते काम आता दोन गोष्टींवर आले आहे. पहिली म्हणजे चेनरिंगचे आलटून-पालटून जाड व बारीक असणारे दात. चेनची बाहेरची कडी रुंद आणि आतली कडी अरुंद असते. जाड दात बाहेरच्या कडीत आणि बारीक दात आतल्या कडीत घट्ट बसतो. अशा चेनरिंगचे दात ३०, ३२, ३४ असे सम संख्येतच असतात, त्याचे कारण हेच. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या डिरेलरमधील क्लच. खडबडीत वाटेवर चेनला हिसके बसू लागले की हा क्लच डिरेलरचा हात पुढे झुलू देत नाही आणि चेन ताठ राहते.

तीन बिघाड, तीन जागा

‘चेन सटकते’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. चेन पुढच्या चेनरिंगवरून उतरते, हा पहिला. ती मागच्या चकतीच्या दातांवरून उडते, हा दुसरा. तिसऱ्यात चेन जागची हलतही नाही. सटकते ते मागच्या चाकातील फ्रीहब. पायाला तिन्ही वेळी धक्काच जाणवतो. साहजिकच, चूक नेमकी कोठे होते आहे हे डोळ्यांनी पाहणे ही तपासणीची पहिली पायरी ठरते. सायकल धुऊन, चेन पुसून घ्यावी. चिखलाने माखलेल्या चेनवर काहीच नीट दिसत नाही.

त्यानंतर धक्का कधी बसतो याची नोंद घ्यावी. तो ठरावीक एक-दोन गिअरवरच बसत असेल, तर त्या चकत्यांचे दात झिजले असण्याची शक्यता मोठी असते. सर्वाधिक वापराच्या चकत्या सर्वांत आधी झिजतात. तो सगळ्या गिअरवर, पण ठरावीक फेऱ्यांनी बसत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलेली असते. येथे साधे गणित उपयोगी पडते. चेन ११८ कड्यांची आणि चेनरिंग ३२ दातांची असेल, तर तीच कडी पेडलच्या सुमारे पावणेचार फेऱ्यांनी पुन्हा त्याच जागी येते. पेडल सावकाश उलटे फिरवून डिरेलरच्या छोट्या चाकांवरून जाणारी चेन न्याहाळली, की आखडलेली कडी तेथे उसळताना दिसते. थोडे तेल आणि बाजूला हलकेच वाकवणे एवढ्याने ती बहुधा मोकळी होते. पट्टी वाकलेली असेल, तर मात्र चेन बदलणेच श्रेयस्कर.

पट्टीने होणारी परीक्षा

यानंतर येते चेनची झीज. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे बुश-रोलर चेन घडवली आणि सायकलची चेन आजही त्याच तत्त्वावर चालते. चेन ‘लांबली’ असे म्हटले जाते, परंतु तिचे पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिला धरणारा आतला भाग एकमेकांवर घासून झिजतात; प्रत्येक सांधा किंचित सैल होतो आणि शंभराहून अधिक सांध्यांची ती सैलता मिळून चेन लांब होते. सह्याद्रीतील पावसाळी चिखल तेलात मिसळला, की त्याचे जणू पॉलिश पेपरसारखे काम करणारे मिश्रण तयार होते आणि ही झीज झपाट्याने वाढते.

चेनच्या एका कडीची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. म्हणजेच नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच, ३०४.८ मिलिमीटर भरतात. एका पिनेच्या मध्यापासून पट्टी लावून मोजावे. हे अंतर सुमारे ३०६.३ मिलिमीटर भरले, तर झीज अर्धा टक्का झाली, असे समजावे. ११ आणि १२ गिअरच्या चेन या टप्प्यावर बदलाव्यात. १० किंवा त्याहून कमी गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३०७.१ मिलिमीटरपर्यंत सवलत देता येते. फरक इतका सूक्ष्म असल्याने चेन मोजण्याचे स्वतंत्र माप मिळते, ते बाळगणे अधिक सोयीचे.

या झिजेतून एक चक्रावून टाकणारा अनुभव येतो. जुनी चेन सटकत नव्हती. नवी बसवली आणि पहिल्याच चढावर ती उडू लागली! दोष नव्या चेनचा नसतो. लांबलेली चेन चकतीच्या दातांनाही आपल्या मापाने झिजवत जाते. दोघांची जणू जोडी जमते. अचूक मापाची नवी चेन त्या आकडेबाज दातांत खोलवर बसू शकत नाही आणि जोर येताच दातावर चढून पुढे उडते. अशा वेळी कॅसेट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते, हे लक्षात घेता चेन वेळेवर बदलणे हाच काटकसरीचा मार्ग होय.

वाकलेला हँगर, बिघडलेली मांडणी

चेन आणि दात दोन्ही ठीक असतील, तर नजर डिरेलरकडे वळवावी. सायकल उजव्या बाजूला पडली असेल, तर हँगर हा पहिला संशयित. डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हा ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दामच नाजूक ठेवलेला असतो. आघात झाला, तर तो वाकावा आणि महागडी फ्रेम वाचावी, हा त्यामागचा हेतू. मागून पाहिल्यास डिरेलरची दोन्ही छोटी चाके चकतीच्या समांतर, एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. ती आत कललेली असतील, तर केबल कितीही ताणली तरी काही गिअर जुळतात आणि काही बिघडतात. हँगर मापाच्या अवजाराने सरळ करून घ्यावा किंवा बदलावा. केबलला हात लावायचा तो त्यानंतरच.

केबलवर चालणाऱ्या गिअरमध्ये चेन मोठ्या चकतीवर चढताना कुचराई करीत असेल, तर केबलचा ताण वाढवावा लागतो. त्यासाठी शिफ्टरजवळचा बॅरल ॲडजस्टर बाहेरच्या दिशेने, एका वेळी पाव फेरीच फिरवावा. चेन लहान चकतीवर उतरायला वेळ घेत असेल, तर उलट करावे. ताण देऊनही फरक पडत नसेल, तर केबलच्या आवरणात गंज वा माती साचली असावी.

डिरेलरचे वरचे चाक चकतीपासून किती दूर असावे, हे ठरवणारा बी-स्क्रू बहुधा दुर्लक्षितच राहतो. ते फार दूर गेले, तर चेन चकतीला कमी दातांवर वेढते. १० दातांच्या चकतीवर मुळात मोजकेच दात चेनला धरून असतात. त्यातला एखादा कमी झाला, तरी पकड सुटते. हे अंतर उत्पादकाने दिलेल्या मापानेच ठेवावे.

चेन पुढून उतरत असेल, तर वेगळ्या गोष्टी पाहाव्यात. जाड दातावर आतली कडी बसली असेल, तर चेन चेनरिंगवर वर तरंगते. ती एक दात सरकवून बसवावी. चाक काढताना बंद केलेला क्लच पुन्हा सुरू करायला विसरणे, ही नेहमीची चूक. डिरेलरचा हात पुढे ओढल्यावर स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. चेनरिंगचे बोल्ट, दातांची झीज आणि चेनची लांबी हेही तपासावे. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलवर ते पूर्ण दाबून चेनची लांबी ठरवावी लागते.

सर्वांत धोकादायक बिघाड

चेन दातांवर स्थिर आणि तरीही पेडल सुटते, तेव्हा दोष फ्रीहबचा असतो. त्यात, जुने मिस्त्री ज्यांना ‘कुत्रे’ म्हणतात, ते स्प्रिंगवर उघडणारे छोटे खटके दातेरी कड्यात अडकून चाकाला ओढतात. आत शिरलेले पाणी, गंज, घट्ट ग्रीस किंवा मोडकी स्प्रिंग यांमुळे ते पूर्ण उघडत नाहीत. मागचा ब्रेक दाबून, सायकलच्या बाजूला उभे राहून पेडलवर हळूहळू जोर द्यावा. चाक थांबलेले असूनही कॅसेट पुढे सरकली, तर निदान पक्के झाले. फ्रीहब उघडून स्वच्छ करून, उत्पादकाने सांगितलेलेच पातळ वंगण द्यावे. खटके झिजले असतील, तर ते बदलावेत. हा बिघाड कोणत्याही गिअरवर आणि कोणतीही सूचना न देता उद्भवतो.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आज पुन्हा सायकली दिसू लागल्या आहेत. त्यांतील अनेकींची किंमत मोटारसायकलच्या तोडीची आहे. अशा यंत्राची निगा पट्टी, फडके आणि महिन्यातील अर्धा तास एवढ्यावर राखता येते. कारण सापडेपर्यंत मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चढ कितीही खुणावत असला, तरी सीटवरून उठून पेडलवर उभे राहू नये. चढ जड वाटलाच, तर उतरून सायकल हातात धरून चालावे.