टॅपेटचं पान आधी वाचा

घरच्या घरी मोटारसायकलचं काम करायचं ठरलं, की बहुतेक जण आधी पान्यांचा सेट आणतात. माझं सांगणं असतं, आधी पुस्तक आणा. पाना चुकीचा निघाला तर दुकानदार बदलून देतो. ऑइलचा बोल्ट अंदाजाने आवळला आणि इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे गेले, तर ते पुन्हा पाडायला लेथवाल्याकडेच जावं लागतं.

पुस्तकं तीन प्रकारची असतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. गाडीसोबत मिळतं ते ओनर्स मॅन्युअल. ऑइल किती, टायरमध्ये हवा किती, सर्व्हिसिंग कधी, एवढं ते सांगतं. पार्ट्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक सुटा भाग नंबरासह चित्रात मांडलेला असतो. पसरलेल्या सामानातला वॉशर बेअरिंगच्या आत होता की बाहेर, हे विसरलात तर हेच चित्र कामाला येतं. काम कसं करायचं ते मात्र सर्व्हिस मॅन्युअल सांगतं, आणि निवडताना डोकं लावायचं ते याच्यापाशी.

पहिली अट म्हणजे पुस्तक तुमच्याच गाडीचं हवं. नुसत्या नावावर जाऊ नका. 'बुलेट ३५०' या एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिनं येऊन गेली आहेत. जुन्या बिडाच्या इंजिनात इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची बाजू या तिघांचं ऑइल वेगळं. टॅपेट पुशरॉडपाशी हाताने सेट करायचे. २०१० च्या आसपास रुळलेल्या यूसीई इंजिनात सगळ्यांना मिळून एकच ऑइल आणि टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे सेट करायचा प्रश्नच नाही. २०२३ मध्ये बुलेटला नवं जे-सिरीज इंजिन आलं, त्यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेली. एकाच प्रश्नाची तीन उत्तरं! आरसी बुकात उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते पाहून मगच पुस्तक मागा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स लागू झाल्यावर स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीतही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाडीला आधीचं पुस्तक पेट्रोलच्या बाबतीत निरुपयोगी आहे.

गाडी जुळली, की पुस्तक चांगलं आहे का हे पाहायची माझी एक रीत आहे. फीलर गेजने टॅपेट सेट करायची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजून लावायची गाडी असेल, तर त्या कामाचं पान उघडून सावकाश वाचायचं. इंजिन थंड हवं, हे पहिल्यांदा यायला हवं. होंडाची मॅन्युअल ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असा आकडाच देतात, कारण धातू तापला की फट बदलते. मग मॅग्नेट कोणत्या दिशेला फिरवायचा आणि त्यावरची 'टी' खूण कुठे जुळवायची, ते यावं.

खरी परीक्षा यापुढे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा फिरते. म्हणजे 'टी' खूण दोनदा जुळते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉकर बोटाने किंचित हलतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. इथे फट लावली तर व्हॉल्व्ह बंद झाल्यावर ती भलतीच मोठी निघते आणि टॅपेट कडकड वाजत राहतात. 'रॉकर सैल नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा', हे वाक्य पुस्तकात आहे का? नसेल, तर ते अनुभवी फिटरसाठी लिहिलेलं आहे. त्याला हे सांगावं लागत नाही, नवशिक्याला सांगावंच लागतं. शेवटी, लॉकनट आवळताना फट लावायचा स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून फट पुन्हा मोजा, असंही लिहिलेलं असावं. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो.

कंपन्यांची मॅन्युअल आकड्यांना पक्की असतात, पण ती प्रशिक्षित मेकॅनिक आणि खास हत्यारं गृहीत धरतात. इंग्लंडच्या हेन्स प्रकाशनाने दुसरी वाट धरली: गाडी खरोखर खोलून, पुन्हा जोडून, त्याचे फोटो घेऊन पुस्तक करायचं. काम किती अवघड हे तिथे पान्यांच्या चित्रांनी दाखवलेलं असतं, एक पाना म्हणजे सोपं, पाच म्हणजे घरी हात न लावलेला बरा. ही सोय मला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना मात्र कंपनीचंच मॅन्युअल घ्यावं लागतं. मग हत्यारं धरण्यापासूनचा पाया आयटीआयच्या पुस्तकांतून पक्का करावा.

कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, हे सांगणाऱ्या टॉर्कच्या तक्त्यात एकक पाहा. २.५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे २४.५ न्यूटन-मीटर, तर २५ फूट-पाउंड म्हणजे जवळपास ३४. रेंचवर एक आणि पुस्तकात दुसरं एकक असेल, तर रूपांतर करून पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवा.

झेरॉक्स घेत असाल तर वायरिंगचं पान तपासा. रंगीत रेषांचा नकाशा काळ्या-पांढऱ्या प्रतीत वाचताच येत नाही. वायरीशेजारी रंगाचं अक्षर छापलेलं असेल, तर प्रत चालते. होंडाच्या नकाशात 'जी' म्हणजे हिरवी, आणि ती अर्थिंगची वायर. अक्षरं पुसट आली असतील तर तेवढं पान मोठं करून पुन्हा काढून घ्या.