तांबडे पाणी, निवळ पाणी

सुर्ला नावाची गावे गोव्यात दोन आहेत आणि आपल्या कोल्हापूर-बेळगावकडून जाणाऱ्या माणसाला हटकून त्यातले एकच ठाऊक असते. चोर्ला घाटाच्या माथ्यावर, सत्तरी तालुक्यात, रानाने वेढलेले जे सुर्ला आहे ते धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात तिकडे गाड्यांची रीघ लागते. मी ज्या सुर्ल्याविषयी लिहीत आहे ते दुसरे. ते डिचोली तालुक्यात, सांखळीच्या दक्षिणेला, पाळी, वेळगे, कुडणे, न्हावेली या गावांच्या सोबतीने वसलेले आहे. तिकडे सहलीला कोणी जात नाही. मी गेलो तो पाणी पाहण्यासाठी, आणि तेही भर पावसाळ्यात गेलो. कारण त्या मुलखातले पाणी पाहायचे तर ते वाहताना पाहावे, एवढे मला ऐकून माहीत होते.

आपल्याकडे पाणी बिघडते ते दोन-तीन ठरलेल्या वाटांनी. शहराचे सांडपाणी नदीत येते, कारखान्याचा रंग येतो, उसाच्या शेतातले खत पावसाने धुऊन येते. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला हे सांगायला नको. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि कित्येकांचा जीव गेला, ती पिण्याच्या पाण्यातूनच. सुर्ल्याचे दुखणे निराळे आहे. तेथे पाणी बिघडवते ती नुसती माती. माती काही विष नव्हे. पण आपली जागा सोडून ती पाण्यात शिरली म्हणजे काय होते, हे त्या गावात पाहावे. रस्त्याकडेच्या ओहोळातून जे वाहत होते त्याला पाणी म्हणायला जीभ रेटेना. गेरूत कालवल्यासारखा तो लोट खालच्या भातखाचरांच्या दिशेने चालला होता. खाचराच्या बांधावर उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, "माई, हे असे नेहमीच असते का?" त्या म्हणाल्या, "पावसांत बांयचें उदकूय तांबडें जाता, बाब." बांय म्हणजे विहीर. पावसात विहिरीचे पाणीही तांबडे होते, असे त्या सांगत होत्या.

हे समजण्यासाठी डोंगर कसा बनला आहे ते पाहिले पाहिजे. वरती जांभा दगड, स्पंजासारखा सच्छिद्र. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा जांभा पिऊन घेतो आणि मग वर्षभर थोडा थोडा खाली सोडतो. म्हणून डोंगराच्या पायथ्याला झरे, झऱ्यांखाली कुळागरे आणि भातशेती, आणि अंगणात विहीर, अशी या मुलखाची जुनी घडी आहे. पाणी साठवण्याची टाकी आणि पाणी गाळण्याचे यंत्र, ही दोन्ही कामे डोंगर एकटा करीत होता. पण त्याच जांभ्याखाली लोहखनिज आहे, कोठे मँगनीज आहे, आणि त्यांच्या जोडीला चिकणमातीचे जाड थर आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर, पोर्तुगीज अमलातच, जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी हे खनिज निघू लागले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण खाणी चालूच राहिल्या. डोंगर वरून सोलून काढायचा, खनिज ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणायचे, तेथून बार्जमध्ये घालून मांडवीतून मुरगाव बंदरात न्यायचे, अशी ती रीत. एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन निरुपयोगी माती निघते. २०१०-११ साली गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली होती. तिच्यामागे किती माती उपसली गेली असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ती माती कोठे जाणार? खाणीशेजारीच तिचे डोंगर रचले गेले. निसर्गाच्या डोंगराला जांभ्याचे कवच होते, या नव्या डोंगरांना काहीच नाही. पहिल्या पावसाबरोबर ते विरघळू लागतात. खालच्या प्रतीचे खनिज धुऊन घेतात, त्याच्या धुवणाचा रेंदा वेगळाच.

आता कोणी म्हणेल, माती तर माती, बसेल खाली. येथेच खरी मेख आहे. एक दशांश मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण, म्हणजे एका मिलिमीटरचा पाचशेवा भाग, तेवढेच अंतर जायला तीन दिवसांहून अधिक घेतो. आणि त्याच्या निम्म्या जाडीच्या कणाला तेरा दिवसही पुरत नाहीत, कारण कण निम्मा झाला की वेग चौपट घटतो. हा हिशेब संथ पाण्याचा. वाहत्या ओहोळात तो कण बसायचे नावच घेत नाही. शिवाय अशा प्रत्येक कणावर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि एकत्र येऊन जड होत नाहीत. पुढे मांडवीच्या मुखाकडे समुद्राचे खारे पाणी भेटले की हा भार मोडतो, कण एकमेकांना बिलगतात आणि तळाशी बसतात. सुर्ल्याची माती नदी उथळ करते ती अशी, कित्येक मैल दूर जाऊन. समुद्र मीठ घालून जे काम करतो, तेच आपली आजी हंड्यात तुरटी फिरवून करीत असे.

तुरटीतले ॲल्युमिनियम मातीच्या कणांचा भार मारते; कणांचे पुंजके होतात आणि तासा-दोन तासांत गाळ तळाशी जातो. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत मोठमोठ्या हौदांतून हेच चालते. तुरटीच्याही आधीची आपली वस्तू म्हणजे निवळी. निवळीचे बी मातीच्या घागरीच्या आतल्या अंगाला घासायचे आणि वर पाणी भरायचे. शेवग्याच्या बियांच्या पुडीनेही हेच साधते. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत निवळी आहे, वस्त्र आहे, शेवाळाचे मूळ आहे आणि मोतीसुद्धा आहे. पाणी निवळायला मोती कोणाच्या घरात निघत असेल ते वैद्यच जाणोत. पण वस्त्रगाळ पाणी मात्र गरिबालाही परवडत आले. सुर्ल्याच्या पाण्याला कापड पुरत नाही, एवढेच. दोन मायक्रॉनचा कण लुगड्याच्या चौपदरी घडीतूनही खुशाल पार होतो.

पण निवळले म्हणजे शुद्ध झाले, ही समजूत फार जुनी आणि फार घातक. १८९२ साली जर्मनीत हँबर्ग आणि आल्टोना या एकमेकांना चिकटलेल्या दोन शहरांना एकाच एल्ब नदीचे पाणी जात होते. आल्टोना ते वाळूच्या थरांतून सावकाश गाळून देई. हँबर्ग नुसते हौदात बसवून देई. कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हँबर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि आल्टोना जवळजवळ वाचले. वाळूच्या वरच्या थरावर सूक्ष्म जीवांची एक बुळबुळीत साय धरते. जंतू अडवण्याचे मुख्य काम ती करते. नवा, न रुळलेला वाळूचा थर म्हणूनच भरवशाचा नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ती हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि नंतर तासभर पाणी काढायचे नसते. पण विहीर तांबडी असताना पावडर टाकून उपयोग थोडा. जंतू मातीच्या पुंजक्यांत दडून राहतात आणि क्लोरीन वरच्यावर खर्ची पडते. आधी गाळ बसवावा, मग गाळावे, मग औषध टाकावे. हा क्रम उलटा करून चालत नाही. ज्या घरी हे काहीच जमण्यासारखे नाही त्यांनी तुरटीने निवळवून, वरचे पाणी अलगद ओतून घेऊन, चांगले खळखळा उकळावे.

मँगनीजची गोष्ट आणखी वेगळी. ते पाण्यात विरघळलेले असते तेव्हा पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते. तुरटी, कापड, उकळणे, कशालाच ते दाद देत नाही. हवा लागून काही काळाने भांड्याला काळपट कीट धरते, तेव्हा कळते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही त्याची ग्राह्य मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. त्याहून फार जास्त मँगनीज पोटात जात राहिले तर लहान मुलांच्या मज्जासंस्थेला अपाय होण्याची भीती. ते काढायचे तर पोटॅशियम परमँगनेट किंवा क्लोरीन देऊन त्याला न विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते आणि मग गाळावे लागते. हे घरगुती काम नव्हे. खाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासताना नुसते जंतू पाहून थांबू नये, ते यासाठी.

इतके सगळे उपाय मी त्या माईंना बांधावर उभा राहून ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तांबडें तरी आशिल्लें. मागीर तेंय ना."

तांबडे का होईना, होते. मग तेही राहिले नाही. माझ्या सगळ्या शास्त्राला त्या चार शब्दांत उत्तर होते. खाणीचा खड्डा जसजसा खोल जातो तसतसा तो भूजलाच्या पातळीखाली उतरतो. गोव्यातले काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. खनिज काढायचे तर तेथले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते. डोंगराची टाकी तळाला भोक पडावे तशी रिकामी होऊ लागते आणि आसपासच्या विहिरी मार्गशीर्ष-पौषातच तळ गाठतात. डिचोलीतले शिरगाव म्हणजे देवी लइराईचे गाव; जत्रेला हजारो धोंड तेथे पाण्यात स्नान करून व्रत पाळतात. त्या गावातल्या विहिरी आणि झरे आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०१७ मध्ये याच खाणपट्ट्यातल्या सोनशी गावच्या पंचेचाळीस माणसांनी धूळ आणि पाणी यांसाठी खनिजाचे ट्रक अडवले आणि ती तुरुंगात गेली. बिघडलेले पाणी शुद्ध करण्याच्या शंभर रीती आहेत; नसलेले पाणी शुद्ध करण्याची एकही नाही. मग दारी टँकर येतो आणि ज्याच्या अंगणात विहीर आहे त्यानेच कळशी घेऊन रांगेत उभे राहायचे असते.

खाणी थांबल्याही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पाठोपाठ ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम बंद केले. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चात काम पुन्हा थांबले. या काळात ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले यांचे हाल झाले, हेही खरे आहे. पाण्याची बाजू मांडताना ते विसरणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. उपसा थांबला की खड्डे भरतात, आणि त्यांतले पाणी हिरवे-निळे, देखणे दिसते. उन्हाळ्यात ते वापरावे अशी सूचना गोव्यात पुन्हा पुन्हा होते. वापरावे, पण हँबर्गची आठवण ठेवून आणि मँगनीज तपासून. सांखळीच्या एका जुन्या खाणीत मासे पाळले गेले, ते काही वाईट झाले नाही.

२०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले. त्यांत डिचोलीचा पट्टा आघाडीवर होता, आणि २०२४ मध्ये तेथे पुन्हा काम सुरू झाले. तेव्हा आता मागायचे काय, हे गावांनी ठरवून ठेवलेले बरे. मातीच्या ढिगाच्या पायथ्याला जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, भोवती पाणी वळवणारा चर, चराच्या शेवटी एकाखाली एक बसणाऱ्या तळ्यांची ओळ, आणि ती तळी मृगाआधी उपसलेली. ढिगाच्या उतारावर वाळ्याची लागवड. ज्या वाळ्याची जुडी आपण माठात सोडतो, तोच हा. त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. ही कामे कागदावर सगळीकडे असतात. पावसात ओहोळ कोणत्या रंगाचा वाहतो, ते पाहिले की खरे-खोटे कळते.

विहिरीचे मात्र नुसते पाहून कळत नाही, मोजावे लागते. त्याला यंत्र लागत नाही. एका दोरीला दगड बांधून हातागणिक गाठ मारावी आणि दर अमावास्येला, पहाटे, कोणी पाणी शेंदायच्या आधी, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते वहीत लिहावे. शाळेतली मुलेही हे करतील. वहीची एक प्रत पंचायतीत असावी, आणि दुसरी गावातच, कोणाच्या तरी घरी.