ग्रुपवरचे मौन म्हणजे संमती नव्हे

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात कामाचा निरोप आता मोबाईलवरच येतो. लाइनचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, क्वालिटीचा वेगळा. विहार समित्या, जयंती मंडळे, बचत गट यांचा कारभारही ग्रुपवरच चालतो. ‘सगळ्यांना कळवले’ एवढ्यावर ही व्यवस्था चांगली ठरते. पण कळवणे वेगळे आणि सहभागी करून घेणे वेगळे.

हे तपासण्याचे माप आपल्याच परंपरेत आहे. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे संसदीय नियम माहीत होते, असे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत सांगितले. विनयानुसार महत्त्वाच्या बाबीत प्रस्ताव मांडून तो संघापुढे तीनदा घोषित केला जाई. त्यानंतरच मौन ही संमती मानत. आजारी भिक्खूची संमती दुसऱ्यामार्फत आणली जाई. मौनाला किंमत होती, कारण आधी प्रत्येकाला विचारलेले असे.

ग्रुपवर उलटे घडते. जयंतीच्या वर्गणीचा मेसेज दुपारी पडतो. तेव्हा रात्रपाळी करून आलेला झोपलेला असतो, दुसऱ्या पाळीचा लाइनवर असतो. काहींची सुट्टी गुरुवारी, काहींची रविवारी. ज्या बाईकडे स्वतःचा फोन नाही, ती ग्रुपमध्येच नसते. संध्याकाळपर्यंत दहा अंगठे येतात आणि ‘कोणाचीच हरकत नव्हती’ असे ठरते.

म्हणून कोणत्याही ग्रुपला किंवा अ‍ॅपला चार प्रश्न विचारावेत :

1. ग्रुपबाहेर कोण राहिले? कंत्राटी कामगार? महिला?
2. तिन्ही पाळ्यांतल्या माणसांना उत्तर द्यायला वेळ मिळतो का?
3. वेगळे मत मांडणाऱ्याला उत्तर मिळते, की त्याला ग्रुपमधून काढले जाते?
4. निर्णय इतिवृत्तात लिहिला जातो, की मेसेजच्या गर्दीत हरवतो?

कंपनीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सुपरवायझर अ‍ॅडमिन असलेला ग्रुप म्हणजे समिती नव्हे. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी तक्रार निवारण समिती सांगितली आहे. तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. ग्रुपवर टाकलेली तक्रार या समितीपुढे लेखी गेली का, हे विचारणे हा कामगाराचा हक्क आहे.

अ‍ॅप वाईट नाही, निरोपासाठी ते सोयीचेच आहे. मात्र पैशाचा आणि माणसाला वगळण्याचा निर्णय बैठकीतच व्हावा. जे येऊ शकत नाहीत, त्यांचे मत आधी विचारून आणावे. सुरुवात आपल्या विहार समितीपासून करता येईल.